प्रश्न मुले कुठे पुरली हा आहे, मेली की नाही हा नव्हे

कॅनडात मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून ज्या सरकारी पैशाच्या, चर्चने चालवलेल्या निवासी शाळांत ठेवले जाई, त्यांच्याविषयी एक दावा गेली काही वर्षे समाजमाध्यमांवर फिरतो आहे. २०२१ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील कॅम्लूप्स येथील जुन्या शाळेत जमिनीवर रडार फिरवून २१५ मुलांच्या कबरी सापडल्याचा गाजावाजा झाला, पण तिथे एकही मृतदेह निघाला नाही. मृतदेह कुठेच निघाले नाहीत. मुले क्षयाने गेली आणि त्या काळी क्षयाने सगळीकडेच माणसे मरत होती. खाली काहीच नाही म्हणून खोदकाम टाळले जाते. तेव्हा सारे प्रकरण बनाव आहे, असा त्याचा आशय आहे. यातील एक विधान खरे आहे आणि बाकीची त्याच्या आडोशाने उभी केलेली आहेत.

खरे आहे ते आधी मान्य केले पाहिजे. कॅम्लूप्सच्या जुन्या शाळेच्या आवारातून अवशेष बाहेर काढल्याचे जाहीर झालेले नाही. जमिनीत सोडलेल्या रडारच्या लहरींना हाडे दिसत नाहीत, माती कधीतरी खणून पुन्हा भरली गेल्याच्या खुणा दिसतात. तिथल्या सेक्वेपेम्क या मूलनिवासी समाजाच्या पहिल्या निवेदनात ‘अवशेष’ हा शब्द होता, काही आठवड्यांतच आकडा सुमारे २०० वर आणला गेला आणि २०२४ च्या निवेदनात ‘जमिनीतील विसंगती’ असे म्हटले गेले. ‘सामूहिक कबर’ हे शब्द मात्र वृत्तपत्रांच्या मथळ्यांचे होते. समाजाच्या प्रमुख रोझॅन कॅसिमिर यांनी ते तेव्हाच नाकारले होते.

परंतु मुलांचे मृत्यू रडारने शोधून काढलेलेच नाहीत, ते सरकारच्या आणि चर्चच्या कागदांत आहेत. या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये, म्हणजे कॅम्लूप्सची बातमी येण्याच्या सहा वर्षे आधी, सुमारे ३,२०० मृत्यूंची नोंद केली होती. त्यांपैकी जवळपास एक तृतीयांश नोंदींत मुलाचे नावच नाही, आणि निम्म्या नोंदींत मृत्यूचे कारण नाही. आयोगाची कागदपत्रे सांभाळणाऱ्या विनिपेगच्या राष्ट्रीय केंद्राच्या स्मृतिसूचीतील नावे आता ४,१०० च्या वर गेली आहेत. एकट्या कॅम्लूप्सच्या शाळेतील ५१ मृत्यू रडारवर न विसंबता नोंदले गेलेले आहेत. मृतदेह ‘कुठेच’ निघाले नाहीत हेही खोटे आहे. सस्कॅचेवानमधील बॅटलफर्ड शाळेच्या स्मशानभूमीत १९७४ मध्ये विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ७२ कबरी उघडल्या होत्या, आणि अल्बर्टातील डनबो येथे नदीचा काठ ढासळून कबरी उघड्या पडल्यावर ३४ जणांचे अवशेष २००१ मध्ये दुसरीकडे पुन्हा पुरावे लागले.

क्षयाचा मुद्दा सर्वांत जास्त पटणारा वाटतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. क्षय होताच. प्रश्न असा की तो याच मुलांना इतक्या प्रमाणात का झाला. शाळांना डोईप्रमाणे अनुदान मिळत असे, त्यामुळे आजारी मूलही भरती करून घेतले जाई आणि कोंदट निजण्याच्या खोल्यांत इतरांशेजारी झोपवले जाई. सरकारचेच वैद्यकीय अधिकारी पीटर ब्राइस यांनी १९०७ मध्ये पाहणी करून कळवले होते की माहिती देणाऱ्या शाळांतील १,५३७ मुलांपैकी २४ टक्के दगावली आहेत. सुधारणा झाली नाही. उलट १९२० मध्ये या मुलांना शाळेत डांबण्याची सक्ती कायद्याने आणखी कडक झाली. १९४१ ते १९४५ या काळात तिथला मृत्युदर देशातील सर्वसाधारण मुलांच्या ४.९ पट होता, आणि क्षयावर औषध आल्यानंतरच्या १९६० च्या दशकातही तो दुप्पट होता. ज्यांना क्षय झाला नाही अशीही मुले गेली. ऑक्टोबर १९६६ मध्ये चेनी वेन्जॅक हा बारा वर्षांचा मुलगा केनोराजवळच्या शाळेतून पळाला आणि सुमारे ६०० किलोमीटर दूरच्या घराकडे रेल्वेच्या रुळांच्या कडेने चालू लागला. पातळ सुती जाकिटातले त्याचे शरीर त्या रुळांशेजारीच सापडले, आणि खिशात निघाली ती एक छोटी काचेची बरणी, तिच्यात आगकाड्या, अजून कोरड्या.

चेनीचे शरीर घरी पोहोचले. बहुतेकांचे पोहोचले नाही, कारण मृतदेह गावी पाठवण्याचा खर्च सरकारी खाते करत नसे आणि आईबापांना तो झेपत नसे. शाळेशेजारीच पुरायचे, लाकडी क्रूस लावायचा. शाळा बंद पडली की क्रूस कुजायचे आणि जमीन दुसऱ्याच्या ताब्यात जायची. वर १९३६ ते १९४४ दरम्यान सरकारनेच या खात्याच्या सुमारे दोन लाख फाइली नष्ट केल्या. तोच पुरावा आज आईबापांच्या नातवंडांकडे मागितला जातो.

खोदकाम टाळले जाते हे म्हणणेही सरसकट खरे नाही. मॅनिटोबातील पाइन क्रीक येथे २०२३ मध्ये चर्चच्या तळघरात रडारवर दिसलेल्या १४ जागा खोदल्या गेल्या, मानवी अवशेष निघाले नाहीत, आणि ते तिथल्या प्रमुखांनी स्वतःच जाहीर केले. लपवायचे असते तर हे झाले नसते. कॅम्लूप्सला मुले अनेक समाजांतून आणली गेली होती, आणि त्या घरांमध्ये काहींना खोदायला हवे आहे, काहींना ती माती हलवलेली नको आहे. ज्यांची मुले आहेत त्यांना विचारल्याशिवाय तिथे कुदळ मारू नये एवढी अपेक्षा कोणत्याही माणसाने ठेवावी अशीच आहे.

तरीही, शोधकार्यासाठी नेमलेल्या विशेष अधिकारी किंबर्ली मरे यांच्या २०२३ च्या अहवालात नोंद आहे की काही लोक ‘खात्री करून घेण्यासाठी’ रात्री फावडी घेऊन कॅम्लूप्सच्या त्या जागेवर आले. याच शाळेत शिकलेल्या वृद्धांनी सांगितले आहे की सहा-सात वर्षांच्या मुलांना रात्री उठवून सफरचंदाच्या बागेत खड्डे खणायला लावत. रडार त्या बागेत फिरवले गेले ते या वृद्धांच्या सांगण्यावरून. या शोधासाठी सत्य आणि सलोखा आयोगाने २००९ मध्येच १५ लाख डॉलर मागितले होते आणि सरकारने ते नाकारले होते.