बंद जिनिंगच्या जागेवर घरं होऊ द्या

जळगाव स्टेशनजवळच्या बंद जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, जागेवर सात मजली इमारतीचा प्रस्ताव आलाय. खाली पार्किंग, वर ४८ फ्लॅट. आमच्या भागातले बहुतेक जण विरोधात आहेत. त्यांच्या शंका खोट्या नाहीत. तरी मी या इमारतीच्या बाजूने आहे आणि का आहे ते इथे नीट मांडतो, कारण बैठकीत सगळे एकदम बोलायला लागले की कुणाचंच पूर्ण ऐकलं जात नाही.

जळगावात रेल्वे १८६० च्या दशकात आली. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि खान्देशच्या कापसाला भाव आला. पुढे इथे जिनिंग-प्रेसिंग उभ्या राहिल्या त्या स्टेशन धरूनच. गाड्या भरून कापूस यायचा, गाठी बांधून रेल्वेने मुंबईला जायचा. गाव नंतर त्यांच्याभोवती वाढलं. म्हणून आज या जागा भरवस्तीत आहेत आणि भिंतीआड वेड्या बाभळी माजल्यात.

आणि गाव कुठे वाढतंय? आसोदा, सावखेडा, निमखेडीच्या दिशेने. भरिताच्या वांग्यांसाठी नाव असलेल्या काळ्या जमिनी एनए, म्हणजे बिगरशेती, होतात, चुन्याच्या रेघा पडतात, प्लॉट विकले जातात. साधा हिशोब करा. हीच ४८ कुटुंबं १५०० चौरस फुटांच्या प्लॉटवर राहायला गेली, तर रस्ते आणि खुली जागा धरून अडीच-तीन एकर लागतील. तिथवर पाइपलाइन न्यायची, दिवे लावायचे, घंटागाडी पाठवायची, आणि पोरांना क्लासला सोडायला घरटी दोन गाड्या घ्यायच्या. इकडे मात्र स्टेशन, बाजार, दवाखाने पायी अंतरावर असलेली जागा ओसाड. हे मला पटत नाही.

आमचे पारोळ्याकडचे एक आप्पा म्हणाले, "आपला गावमा फ्लॅटमा कोन ऱ्हास?" आप्पा, राहणारे आहेत. दुकानांत कामाला असलेली पोरं, नर्स, शिक्षक, गावाकडची शेती सांभाळून लेकरांच्या शाळेसाठी इथे खोली केलेली कुटुंबं. ते आजही मध्यवस्तीत भाड्याने राहतातच. खान्देश मिलच्या जागी खान्देश सेंट्रल झालं, गोलाणी आणि फुले मार्केट आधीपासून आहेत. दुकानांना आपण जागा दिली. आता माणसांना द्या.

पण बाजूने असणं म्हणजे डोळे मिटून सही करणं नाही. सगळ्यात आधी कामगारांची देणी. बंद कारखान्याच्या जागेवर घरं बांधायची तर कामगारांची कायदेशीर देणी चुकती झाल्याचा कामगार आयुक्तांचा दाखला लागतो. तो दाखला आपण सगळ्यांनी बघायला मागायचा. त्या जिनिंगमध्ये रुई अंगावर घेत ज्यांची उमर गेली, त्यांचा एक रुपयाही बुडता कामा नये.

मग जमीन. जुन्या छपरांच्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ते दाणदाण फोडले तर त्याचे बारीक तंतू आपल्याच घरांत येतील, म्हणून ते ओले करून, अख्खे उतरवून, झाकून न्यायला हवेत. इंजिनाजवळची तेल मुरलेली माती तपासून काढायला हवी. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा पाया खाली मुरुमापर्यंत गेलाच पाहिजे. आवारातली विहीर बुजवू नये, छतावरचं पाणी तिथेच जिरवावं. वाघूर धरण भरलेलं असलं तरी नळाला रोज पाणी येत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

माझा खरा आग्रह नकाशाबद्दल आहे. पुण्या-मुंबईचा नकाशा उचलून इथे ठेवला तर मे महिन्यात ४५ अंशांत ते घर तंदूर होईल. आपल्या धाब्याच्या घरांत जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचाच थर असायचा, दुपार सुसह्य व्हायची. सात मजल्यांवर माती घालता येत नाही, पण पश्चिमेला जिना, लिफ्ट, न्हाणीघरं घेता येतात. खिडक्यांवर खोल छज्जे देता येतात. कूलर बसवायला नीट जागा आणि तिथपर्यंत पाण्याचा नळ देता येतो. काचेचा दर्शनी भाग आम्हाला नको.

गच्चीला कुलूप लावायचं नाही. बिबड्या, कुरडया, नागलीचे पापड कुठे वाळवायचे? तळमजल्यावर एक मोठा हॉल हवा, कारण श्रावणात घरी कानबाई देवी बसते तेव्हा सगळी भाऊबंदकी एका ठिकाणी जमते आणि टू बीएचकेत ती मावत नाही. आवारातला जुना निंब ठेवायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिथे झोके बांधले जातील. झाडाचं वय ५० वर्षांच्या वर असेल तर कायद्याने तो हेरिटेज वृक्ष ठरतो, बिल्डरला तो असाच तोडता येणार नाही.

एक गोष्ट मात्र कायद्याने मिळणार नाही. २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत मोठ्या भूखंडांवर २० टक्के छोटी घरं गरजूंसाठी ठेवायची अट आहे, पण ती १० लाखांवर लोकसंख्येच्या शहरांना. जळगाव २०११ च्या जनगणनेत ४ लाख ६० हजारांचं. म्हणजे इथे सगळेच फ्लॅट थ्री बीएचके निघाले तरी कुणी अडवणार नाही. ते आपणच मागून घ्यावं लागेल: ४८ पैकी निदान १० घरं वन बीएचके, आणि महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, नोंदणीत तशी दाखवलेली.

नगररचना विभागाला द्यायचं पत्र मी लिहून ठेवलंय. रविवारी सकाळी बैठकीला घेऊन येतोय. विरोध करणाऱ्यांनी आधी वाचावं, पार्किंग आणि सांडपाण्याबद्दल तुमचे मुद्दे घालावेत. जिनिंगमध्ये काम केलेले कुणी काका-मावशी आपल्या गल्लीत असतील तर त्यांना सोबत आणा, आयुक्तांच्या दाखल्याची मागणी त्यांच्या नावानेच गेली पाहिजे.