महोत्सव भरवताय? मग आधी कुलूप आणा

तुमची बदली पर्यटनाकडे झाली का? अभिनंदन. म्हणजे आता वर्षातून एकदा तरी महोत्सव भरवणं आलं. घाबरू नका. गेल्या डिसेंबरात आईला घेऊन घाट उतरलो आणि कोकणातल्या एका किनाऱ्यावरचा असाच सरकारी महोत्सव डोळे भरून पाहून आलो. आयोजकांचं नाव घेत नाही. फ्लेक्सवर त्यांची इतकी नावं होती की मी आणखी एकदा घ्यायची गरज नाही. तिथे जे शिकलो ते तुमच्या हवाली करतो.

सुरुवात फ्लेक्सपासूनच. समुद्र जिथून सगळ्यात चांगला दिसतो ती जागा हेरा आणि नेमका तिथेच फ्लेक्स ठोका. लोक सूर्यास्त बघायला येतात हा गैरसमज आहे. वर मोठे चेहरे, खाली मध्यम चेहरे, त्याखाली स्टॅम्पएवढे भावी चेहरे. समुद्राला कोपऱ्यात क्यूआर कोडशेजारी दोन इंच मिळाले तरी पुष्कळ झालं. कोड स्कॅन केल्यावर गेल्या वर्षीचा कार्यक्रम उघडला पाहिजे, तोही रेंज असली तर.

मग माहितीपत्रक. कागद असा गुळगुळीत हवा की त्यात भेळसुद्धा बांधता येऊ नये. 'महाराष्ट्राचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत' असं दणक्यात छापा. जुलै 2025 मध्ये यादीत गेले ते बाराच, पण त्यातला जिंजी तमिळनाडूत आहे, आपले अकरा. असेना. एका किल्ल्यासाठी छापखान्यातून गठ्ठे परत कोण आणणार? साल्हेरच्या पायथ्याला एसटी जाते का, खांदेरीला होडी कुठून मिळते, रायगडचा रोपवे किती वाजता बंद होतो, असल्या फालतू माहितीत जागा घालवू नका. तेवढ्यात तीन शुभसंदेश बसतात.

कासच्या फुलांचा फोटो मे महिन्याच्या जाहिरातीत टाका. फुलं सप्टेंबरात येतात, पण लोक तोवर विसरतात.

संभाजीनगरची सहल आखलीत तर सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ ठेवा. त्या त्या दिवशी ती लेणी बंद असतात, म्हणजे गर्दीचा त्रास नाही.

आता उद्घाटन. पत्रिकेवर 6 ही वेळ टाका आणि पाहुण्यांना 8 ची सांगा. ते पावणेनऊला येतील. तोवर निवेदकाने दर दहा मिनिटांनी 'अवघ्या काही क्षणांत' म्हणत राहायचं. पहिल्या चार रांगांना पांढरे कव्हर घालून दोरी बांधा आणि शेवटपर्यंत रिकाम्या ठेवा. स्थानिक कला म्हणून दशावतार हवाच. रात्रभर चालणारा खेळ आहे तो, त्याला पंधरा मिनिटं द्या, त्यातलीही पाच मुंबईहून आलेल्या ऑर्केस्ट्राच्या साउंड चेकला कापा. त्या दिवशी संकासुराचं सोंग घेतलेला नट स्टेजमागे पेटाऱ्यावर अडीच तास बसून होता. शेजारी राजाचं काम करणारा, चेहऱ्यावरचा रंग घामाने ओघळून कानापर्यंत आलेला. मी विचारलं, "कधी आहे तुमचं?" तो म्हणाला, "सायबांचा झाला की."

ड्रोन विसरू नका. ड्रोनशिवाय बिल निघत नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, स्वच्छतागृह. बांधाच. टाइल्स लावा, बाहेर कमळाची नाहीतर डॉल्फिनची नक्षी काढा, कोनशिला बसवा. कोनशिलेवर नावं सोनेरी रंगात हवीत. 'महिला' आणि 'पुरुष' हे शब्द त्यामानाने लहान असले तरी चालतील. मग त्याला एक चांगलं पितळी कुलूप घाला. वापरलं की घाण होतं ना, म्हणून. माझी आई अडुसष्ट वर्षांची, बीपीच्या गोळीबरोबर लघवीची गोळी घेते. सव्वासातला तिने माझा हात दाबला. मैदानाच्या कडेला हे नवं कोरं स्वच्छतागृह, दाराला कुलूप, समोर खुर्चीवर वॉचमन.

"मामा, किल्ली?"

"चावी सायबांकडे आसा."

"साहेब कुठायत?"

"स्टेजवर."

स्टेजवर बघतो तर साहेबांना शाल, श्रीफळ चालू होतं. किल्ली त्यांच्या सफारीच्या खिशात. नारळ घ्यायला वाकले तेव्हा आमच्या स्वच्छतागृहाची किल्ली त्यांच्याबरोबर वाकली असणार. मी दोरीपर्यंत गेलो, स्वयंसेवकाने अडवलं. चिठ्ठी पाठवली, ती निवेदकाकडे गेली आणि त्याने ती वाचून खिशात घातली. मागे फिरताना दिसलं, स्टेजच्या पाठीमागे दोन फिरती स्वच्छतागृहं उभी होती, पायऱ्यांवर लाल गालिचा, आत दिवा, बाहेर हात पुसायला टिश्यू. दारावर पाटी, 'फक्त मान्यवरांसाठी'. मान्यवर अजून यायचेच होते! दोन रिकामी संडासं मंत्र्यांची वाट बघत उभी आणि माझी आई पदराचा बोळा तोंडात धरून सुरूच्या झाडाला टेकून उभी. तिच्यामागे आणखी सहा-सात बायका, कडेवर पोरं घेतलेल्या. एक म्हणाली, आम्ही दुपारपासून पाणीच प्यायलो नाही, आम्हाला माहीत असतं. माहीत असतं म्हणे! बायकांनी सहलीला निघताना पाणी प्यायचं नाही, हे या राज्यात आता सांगावंही लागत नाही.

शेवटी वाडीतली एक बाई, रस्त्याकडेला वडे तळत बसलेली, तिने झारा खाली ठेवला. "चला गे आमच्या घराक," म्हणाली. सातही जणींना घेऊन गेली. मागीलदारी बादलीत पाणी काढून दिलं, येताना आईला कोकम सरबत दिलं, पैसे घेतले नाहीत. तोवर कढईतले वडे करपले होते. तिचं नाव एकाही फ्लेक्सवर नव्हतं.

तर पुढचा सल्ला असा होता की समारोपाला आभार मानताना... जाऊ दे. नाही जमत मला हे उपरोधाने लिहायला.

अहो, सिंधुदुर्गाला पर्यटन जिल्हा म्हणून 1997 मध्ये जाहीर केलंत. त्या वर्षी जन्मलेली पोरं आता आपापली पोरं घेऊन या किनाऱ्यांवर येतात आणि अजून आडोसा शोधतात. समुद्र तुम्ही बनवला नाही, किल्ले तुम्ही बांधले नाहीत, दशावतार तुम्ही शिकवला नाही. तुम्हाला करायचं होतं ते एवढंच, एक पाटी नीट लावायची, एक बस वेळेवर सोडायची आणि एक दार उघडं ठेवायचं. त्यातलं दार बांधूनही तुम्ही बंद ठेवलंत. लाज वाटायला हवी. तुमच्या आईला कधी घेऊन जा की तिथे, शाल न घेता, दोरीच्या अलीकडे बसवून, सहा ते पावणेनऊ.

आणि ती किल्ली अजून खिशात असेल तर वॉचमनला नेऊन द्या. तो तिथेच खुर्चीवर बसलेला असेल.