रेडिओ मॉडेमविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमचे रेडिओ मॉडेम (तारेऐवजी रेडिओ लहरींनी माहिती पाठवणारी यंत्रे) टेबलावर चालतात, पण पाणीपुरवठा योजनेच्या जॅकवेलवर (पाणी उपसण्याच्या विहिरीवर) आणि दोन किलोमीटरवरील उंच टाकीवर बसवल्यावर पीएलसीवर (पंप चालू-बंद करणाऱ्या नियंत्रकावर) वारंवार ‘टाइमआउट’, म्हणजे वेळेत उत्तर न आल्याची खूण, येतो, म्हणून माल निकृष्ट आणि पाच किलोमीटरचा दावा खोटा, असे आपण लिहिले आहे. टाकी भरून वाहत असताना पंप बंद होत नाही, हा त्रास लहान नव्हे. त्यामुळे आपण जोडलेली सेटिंगची छायाचित्रे बारकाईने पाहून हे उत्तर देत आहे.

बॉड रेट (सिरियल पोर्टच्या तारेवरचा वेग) 9600 आणि पॅरिटी (चूक ओळखण्याचा जादा बिट) ईव्हन हे सर्वत्र जुळलेले आहे, त्याला हात लावू नये. अडचण पीएलसीच्या 300 मिलिसेकंदांच्या टाइमआउटमध्ये, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याच्या मुदतीत, आहे. टेबलावर आपण दोनच रजिस्टर (आकडे साठवणारे कप्पे) वाचत होता आणि मॉडबस आरटीयू या यंत्रांच्या संवादपद्धतीमध्ये त्याचे उत्तर अवघे 9 बाइटचे असते. जागेवर मात्र एका वेळी 60 रजिस्टर मागवली जात आहेत, ज्यांचे उत्तर 125 बाइटचे, म्हणजे 1000 बिटांचे होते. हवेतला वेग 2.4 केबीपीएस (सेकंदाला 2400 बिट) असल्याने तेवढे उत्तर नुसते हवेतून यायलाच 400 मिलिसेकंदांहून अधिक लागतात, शिवाय दोन्ही टोकांच्या सिरियल पोर्टचा वेळ वेगळा. मग पीएलसी वाट पाहणे सोडून पुढची विचारणा पाठवतो, त्या वेळी आधीचे उत्तर अजून हवेतच असते, आणि हे मॉडेम एका वेळी एकतर पाठवतात किंवा ऐकतात, त्यामुळे फ्लोट स्विचच्या स्थितीसारखे छोटे वाचनही मधूनच चुकते. ‘कधी येते, कधी येत नाही’ या आपल्या तक्रारीचे मूळ माझ्या मते इथेच आहे.

टाइमआउट 2000 मिलिसेकंद ठेवावा, वाचन वीस-वीस रजिस्टरांत विभागावे आणि पाच सेकंदांनी एकदा विचारणा करावी. टाकीची पातळी त्याहून वेगाने बदलत नाही. हवेतला वेग वाढवू नये, कारण वेग वाढला की रिसीव्हरची संवेदनशीलता घटते आणि अंतर कमी होते.

पाच किलोमीटरचे अंतर माहितीपत्रकात ‘मध्ये अडथळा नसताना’ या अटीसह छापलेले आहे. मॉडेमच्या 866 मेगाहर्ट्झ या वारंवारतेला दोन किलोमीटरच्या मध्यावर फ्रेनेल झोनची (दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेभोवती लहरींना लागणाऱ्या जागेची) त्रिज्या सुमारे 13 मीटर भरते आणि तिच्यातला निदान 60 टक्के भाग, म्हणजे जवळपास 8 मीटर, मोकळा हवा. आपल्या छायाचित्रात जॅकवेलचा अँटेना लोखंडी पॅनेलच्या आत आहे आणि समोर ऊस व बाभळी उभ्या आहेत. लोखंडी पेटी बहुतांश सिग्नल अडवते, म्हणून अँटेना छपरावर पाइप उभारून झाडांच्या वर न्यावा आणि केबल आखूड ठेवावी. आरजी-58 केबलच्या दहा मीटरमध्ये साधारण 5 डेसिबल, म्हणजे दोन तृतीयांश शक्ती, वाटेतच जाते.

आपण मागितलेला ॲम्प्लिफायर (प्रेषणाची शक्ती वाढवणारे यंत्र) आम्ही देणार नाही. या वारंवारतेच्या पट्ट्याला परवान्यातून सूट आहे ती प्रेषकाची शक्ती 1 वॅटच्या आत असेल तरच.

हे बदल करूनही टाइमआउट आला, तर दोन्ही मॉडेम दुकानी पाठवावेत. आपल्या माणसासमोर तपासून दोष आढळल्यास वॉरंटीत बदलून देऊ.