"सतर्क म्हणजे नेमकं काय करू?" (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा जरा राग आला, खोटं कशाला बोलू, पण दुसऱ्यांदा वाचताना वाटलं की यातलं बरंचसं बरोबर आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: कम्युनिटी रेडिओवरून (म्हणजे गावातल्याच लोकांनी आपल्या भागापुरतं चालवलेलं छोटं स्टेशन) लोकांची आपत्तीची तयारी करून घेता येते असं मी लिहिलं होतं, त्यावर तुमचं म्हणणं असं की मोबाईलवर सेकंदात अलर्ट येतो मग रेडिओ हवाच कशाला, वादळात पहिला आडवा होणार तो त्यांचाच अँटेना, आणि हौशी लोकांच्या हातात माईक दिला की अफवा पसरणारच.

अँटेनाचं आधी. पडतो, मान्य. पण टॉवरही पडतात हो. २०१७ ला मारिया चक्रीवादळ कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको बेटावर आदळलं तेव्हा तिथले ९५ टक्के मोबाईल टॉवर बंद पडले होते. फरक एवढाच की दहा-पंधरा किलोमीटर पोचणारं छोटं स्टेशन एक लहान ट्रान्समीटर, गाडीची बॅटरी आणि तात्पुरता बांधलेला अँटेना एवढ्यावर परत बोलायला लागू शकतं, मोबाईलच्या अख्ख्या नेटवर्कचं तसं होत नाही. जपानमध्ये २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर कितीतरी ठिकाणी अशीच तात्पुरती एफएम स्टेशनं सुरू झाली, पाणी कुठे मिळतंय, कुठला रस्ता सुरू झाला असल्या गोष्टी सांगायला. मोठ्या चॅनलला एवढ्या बारीक गोष्टी सांगायला वेळ नसतो.

अलर्टला मी नावं ठेवत नाहीये, उलट भूकंपाच्या काही सेकंदांच्या इशाऱ्यात रेडिओवाल्यांचं कामच नाही, तोवर आमचा माणूस खुर्चीतून उठलेला पण नसतो. पण अलर्ट वाजल्यावर माणूस काय करतो ते आठवून बघा, तो लगेच पळत नाही, आधी शेजारी विचारतो, बाहेर डोकावतो, कुणालातरी फोन लावतो, आणि तोवर वेळ गेलेला असतो. रेडिओचं खरं काम या मधल्या वेळासाठी, आणि ते वादळाच्या दिवशी नाही, त्याच्या आधी वर्षभर करून ठेवायचं असतं.

मी दोन वर्षं एका छोट्या स्टेशनवर संध्याकाळचा कार्यक्रम करायचो. पहिल्या पावसाळ्यात आम्हीही सरकारी सूचना जशीच्या तशी वाचायचो, "नदीने धोक्याची पातळी ओलांडली असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे". एका आजींचा फोन आला, "अरे बाबा, सतर्क म्हणजे नेमकं काय करू? कपाटावर चढून बसू?" स्टुडिओत हसलो सगळे, मग गप्प झालो, कारण उत्तर कुणाकडेच नव्हतं. उन्हाळ्यात पाटबंधारेवाल्यांना विचारून पुलाच्या मधल्या खांबावर पिवळा पट्टा मारून घेतला आणि रोज संध्याकाळी तेच ते सांगत राहिलो, पट्टा भिजला की खालच्या आळीने शाळेत जायचं, कागदपत्रं आणि औषधं एका पिशवीत, म्हाताऱ्यांना कोण नेणार ते आजच ठरवा. लोक वैतागले इतकं सांगितलं. पुढच्या पावसाळ्यात एका रात्री फोन आला, फक्त दोन शब्द, "पिवळा भिजला." पाणी किती मीटरवर आलं ते कुणी विचारलं नाही.

हे आमचं डोकं नव्हे, जुनीच गोष्ट आहे. इंडोनेशियातल्या सिमेउलुए बेटावर १९०७ च्या त्सुनामीची आठवण लोकांनी गाण्यांतून आणि गोष्टींतून जपली होती, मोठा भूकंप झाला आणि समुद्र मागे हटला की डोंगराकडे पळा, एवढंच. २००४ ला तिथल्या जवळपास ७८ हजार लोकांपैकी सातच दगावले, आणि जवळच्या सुमात्रा बेटावरच्या आचे भागात लाखाच्या वर गेले. सायरन नव्हता काही नव्हतं, फक्त सतत कानावर पडलेलं होतं.

आता अफवा. इथे मला तुमचं पटत नाही. १९२३ च्या टोकियो-योकोहामा भूकंपानंतर कोरियन लोक विहिरीत विष टाकतायत अशी आवई उठली आणि हजारो कोरियन मारले गेले, तेव्हा जपानमध्ये रेडिओ सुरूच झाला नव्हता, तो आला १९२५ ला. आणि १९९५ ला जपानच्याच कोबे शहरात भूकंप झाला तेव्हा तिथल्या कोरियन वस्तीत लोकांनी स्वतःच्या भाषेत छोटं स्टेशन काढलं, व्हिएतनामी लोकांसाठीही काढलं, पुढे दोन्ही मिळून एफएम-वायवाय नावाचं एकच स्टेशन झालं. अफवा पसरते ती कुणी ओळखीचं बोलत नसतं तेव्हा. आमच्याकडे एक साधा नियम होता, ऐकीव गोष्ट एका अधिकाऱ्याकडून आणि एका जागेवरच्या माणसाकडून पक्की झाल्याशिवाय माईकवर जायची नाही, मग भले उशीर होऊ दे.

तुम्ही न लिहिलेला एक दोष मीच सांगतो. एकदा ऐन रात्री वीज गेली आणि जनरेटरमध्ये डिझेलच नव्हतं, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने भरलंय. दोन तास स्टेशन मुकं. दुसऱ्या दिवशी लोकांनी आम्हाला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर दारावर वही टांगली, कॅन कुणी कधी भरला त्याची सही. लोकांना तयारी शिकवणारे आम्ही, आणि आमचीच तयारी शून्य, बोंबला.

राहिला तुमचा शेवटचा टोमणा, "रेडिओ आता कोण ऐकतं?" एरवी फार कुणी नाही, खरंच. वीज गेली की ऐकतात, पण तेव्हा सेट शोधायला लागतो. तुमच्या फोनमध्ये एफएम असेल तर त्याला बहुतेक वायरवालाच इअरफोन लावावा लागेल, ती वायरच त्याचा अँटेना असते, आणि नवीन बऱ्याच फोनला ते भोकच नाही. त्यापेक्षा दोन सेलवाला ट्रान्झिस्टर घेऊन ठेवा, पण सेल बाहेर काढून ठेवा बरं, आत तसेच राहिले की पाणी सुटतं, माझे दोन सेट त्यातच गेले.