‘ज्वारीची भाकरी कितीही खा’ या सल्ल्यातला ‘कितीही’

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: ‘मधुमेह गव्हामुळे होतो. पोळी सोडा, ज्वारीची भाकरी कितीही खा, साखर वाढत नाही. नाचणीत तर साखर नसतेच. भात वेळून खाल्ला की साखर पाण्याबरोबर जाते. तीन महिन्यांत गोळ्या बंद.’

सगळ्यात घातक शब्द ‘कितीही’. 100 ग्रॅम ज्वारीत कर्बोदकं साधारण 68 ग्रॅम, कणकेत 64. तंतुमय भागही दोन्हींत 10-11 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे फरक धान्यापेक्षा वजनाने पडतो. घरचा फुलका 25 ग्रॅम कणकेचा धरला तर 16 ग्रॅम कर्बोदकं. ताटभर थापलेल्या भाकरीला 60 ग्रॅम पीठ सहज लागतं, म्हणजे 40 ग्रॅम. दोन फुलक्यांच्या जागी दोन भाकऱ्या आल्या की 32चे 80 होतात, आणि मग ‘भाकरी सुरू केली तरी साखर उतरेना’ अशी तक्रार येते.

म्हणून पीठ एकदा तरी वजनकाट्यावर मोजा. 35-40 ग्रॅमची लहान भाकरी थापा. दळण जरा रवाळ आणा, पीठ चाळू नका. पीठ जितकं बारीक तितकं पचन झटपट, आणि साखरही तितक्याच लवकर चढते. रवाळ पिठाची भाकरी कडेला चिरते, त्यावर उपाय ताजं पीठ आणि उकळतं पाणी. जुन्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते. ती भरून काढायला काहीजण तांदळाचं पीठ मिसळतात, मग खटाटोप कशासाठी केला?

आपल्याला काय मानवतं ते घरीच कळतं. भाजी-आमटी तीच ठेवून एक दिवस 50 ग्रॅम कणकेचे फुलके, दुसऱ्या दिवशी 50 ग्रॅम ज्वारीची भाकरी खा. पहिल्या घासापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर पाहा. दहा-पंधराचा फरक यंत्राचाही असू शकतो, म्हणून दोन-तीनदा करून पाहा.

गव्हाने मधुमेह होतो, हे खरं नाही. टाइप 2 मधुमेहामागे आनुवंशिकता, पोटाचा घेर, बैठं काम असं बरंच काही असतं. मैदा आणि कोंडा चाळून काढलेली कणीक यांवर आक्षेप घ्या, तो रास्त आहे.

नाचणीत कॅल्शियम भरपूर, 100 ग्रॅमला 300 मिलिग्रॅमहून जास्त. पण कर्बोदकंही 67 ग्रॅम. त्यातून लोक खातात नाचणीचं सत्त्व: भिजवून, वाटून, फडक्यातून गाळलेलं. तंतू फडक्यातच राहतात. आंबील तर प्यायचीच वस्तू, चावण्याचं कामच नाही. नाचणी आवडत असेल तर भाकरी करा, ताक वेगळं प्या.

भात वेळताना, म्हणजे जास्तीचं पाणी गाळून काढताना, दाण्यांवरचा सुटा स्टार्च जातो, दाण्याच्या आतला तसाच राहतो. शिळा भात गरम करून खाल्ला तर साखर कमी चढते, असंही सांगतात; ती गोष्ट थोडी खरी आहे. 2015 च्या एका इंडोनेशियन प्रयोगात भात 24 तास फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा गरम केल्यावर न पचणारा स्टार्च 100 ग्रॅम भातामागे 0.64 वरून 1.65 ग्रॅम झाला. फायदा आहे, पण ग्रॅमभराचा. त्यासाठी भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या. त्यापेक्षा कोकणातला उकडा तांदूळ घ्या, कच्चा 30 ग्रॅम मोजा, आणि आधी भाजी व घट्ट वरण किंवा उसळ संपवून भात शेवटी खा.

आता गोळ्या. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना पोळी-भात एकदम तोडला, तर रक्तातली साखर 70 च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली जाऊ शकते. हात थरथरतात, घाम फुटतो. तेव्हा चहाचे तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा मोजावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. जेवण बदलून आकडे खरंच उतरले, तर ते तारीखवार वहीत मांडून डॉक्टरांपुढे ठेवा. गोळीचं प्रमाण त्या वहीवरून ठरतं.