नवं तेवढं झाकून ठेवा

आमच्या मामांनी घरी जीप बनवली. हे वाक्य लग्नात, पानटपरीवर, गड्ड्याच्या यात्रेत कुठंही बोला, लोकं चहा पाजतात. फक्त आरटीओच्या गेटच्या आत बोलायचं नाही. तिथं म्हणायचं, "जुनी गाडीये साहेब, थोडी दुरुस्ती केलीय, नूतनीकरणाला आणलीय." हे मला गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्यानं सांगितलं, फुकट, आणि या सगळ्या प्रकरणात फुकट मिळालेली ती एकच गोष्ट.

मामा म्हणजे यंत्रमागाचे फिटर. सगळी नोकरी सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, मागाच्या खाली उताणं झोपून गेली. रिटायर झाले आणि हात शिवशिवायला लागले. आधी घरातला मिक्सर खोलला, मग शेजाऱ्यांचा, मग शेजारी मिक्सर लपवायला लागले. तेवढ्यात ती देवराष्ट्रेची बातमी आली, २०२१ च्या डिसेंबरमधली, सांगली जिल्ह्यातल्या एका कारागिरानं भंगारातून गाडी बनवली, किक मारून चालू होणारी, आणि आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. मी मामांना समजावून सांगितलं की महिंद्रांनी स्वतःच लिहिलं होतं की ही गाडी नियमात बसत नाही म्हणून. मामांनी एवढंच ऐकलं, "म्हणजे बोलेरो मिळती की बे!"

मग मी जरा वाचून काढलं. आपल्याकडं नवीन गाडी रस्त्यावर आणायची तर आधी तिचा नमुना तपासून घ्यावा लागतो, केंद्रीय मोटार वाहन नियमातला १२६ नंबरचा नियम, त्यासाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था. तो सगळा मामला कंपन्यांसाठी आहे. बोळात वेल्डिंग करणाऱ्या माणसासाठी त्यात खिडकी नाही. इंग्लंडमध्ये आहे म्हणे. तिकडं घरी बनवलेल्या एकट्या गाडीची पण वेगळी तपासणी होते, आयव्हीए म्हणतात तिला, आणि त्यात साहेब लोक गाडीच्या बाहेरच्या कडा तपासतात, किमान अडीच मिलीमीटरची गोलाई पाहिजे, कुणाला कापलं नाही पाहिजे म्हणून. हे ऐकून मामांना भरून आलं. अशी परीक्षा घेणारं सरकार पाहिजे म्हणाले. त्यांच्या पत्र्याच्या प्रत्येक कडेवरून ते स्वतः मामींच्या साडीचा पदर फिरवून बघायचे, अडकला तर परत कानस.

पण इंग्लंड लांब, आणि मामींचा पासपोर्ट नाही. म्हणून आपला देशी मार्ग, म्हणजे जिचं आरसी बुक जिवंत आहे अशी मेलेली गाडी शोधायची. ती दक्षिण सोलापुरात एका शेतात बाभळीखाली सापडली, महिंद्राची जुनी जीप, एमएम ५४०, प्यूजोचं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन, आत कोंबड्या. मालकानं ट्रंकेतून आरसी काढून दिलं, कोंबड्या काढून घेतल्या. चासी शाबूत, इंजिन जागेवर, बाकी सगळं हात लावला की भुगा. कागद नावावर करून घेतले आणि त्या चौकटीवर मामांनी गाडी उभी केली. पत्रा नवा, स्प्रिंगचे पाटे खोलून नवे बुश, वायरिंग नवं, हूड शिवून घेतलं, सीटला सोलापुरी चादरीची कव्हरं आणि गिअरच्या दांड्यावर गोळ्याच्या जागी धोट्याचं, म्हणजे मागात आडवा धागा नेणाऱ्या लाकडाचं टोक, तासून, पॉलिश मारून. खरं सांगतो, बघत राहावी अशी गाडी झाली. बोळातल्या लोकांनी नारळ फोडला.

इथपर्यंत सगळं छान. मग मी मोटार वाहन कायदा वाचला, १९८८ चा. ही माझी खोड आहे, मला कुणी सांगितलं नव्हतं.

कलम ५२. कंपनीनं जशी दिली त्यात मूळ बाबी बदलायच्या नाहीत. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं पण तेच ठणकावलं. आणि पुढं कलम १८२ए, त्यात मालकानं बेकायदेशीर बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हे मी जेवताना मोठ्यानं वाचलं आणि "प्रत्येक बदलाला" या शब्दांवर मामी भाकरी थापायची थांबल्या. इतके महिने त्या गप्प होत्या. हात पुसून बाहेर आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली आणि बोटं मोजायला लागल्या. पुढचं गार्ड पाच हजार. तो वाजंत्रीवाला भोंगा पाच हजार. वरचे चार दिवे, एकेक धरायचा का एकदम, ते मला विचारलं. सायलेन्सर. मागची जादा बाकडी. दोन्ही हातांची बोटं संपायच्या आत म्हणाल्या, "ह्यापेक्षा पाटल्या झाल्या असत्या वो." मामांनी ताटातली शेंगा चटणी नुसतीच बोटानं इकडून तिकडं केली.

दुसऱ्या दिवसापासून उलटं काम सुरू. जेवढं हौसेनं लावलं तेवढं काढायचं. गार्ड काढलं, त्यावर २०१७ पासूनच बंदी आहे. भोंगा काढला, निरनिराळ्या सुरांचा हॉर्न नियमात चालतच नाही, आणि मामांचा तर चढत जायचा, बोळातली कुत्री त्याला साथ द्यायची. बाकडी काढताना मात्र मामा अडून बसले. आरसीवर सीट सात. मामांनी केलेली अकरा, कारण गाणगापूरला जायचं म्हटलं की घरातली अकरा माणसं होतात, कमी कुणाला करणार? मी म्हटलं, मामा, कागदाला गाणगापूर कळत नाही. चार सीट निघाल्या, त्या आता माडीवर आहेत, पाहुणे आले की त्यावर बसतात, चादरीच्या कव्हरसकट.

फीचं पण सांगून टाकतो. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षं, मग पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, फॉर्म २५. कारची फी कधीकाळी ६०० होती, १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, आणि २० वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ मध्ये १०,०००. म्हणजे मामा हूडचं कापड कुठलं घ्यायचं यावर विचार करत होते तेवढ्यात फी दुप्पट. वरून पर्यावरण कर, वरून उशिराचा दंड, इन्शुरन्स, पीयूसी. पीयूसीला जुन्या डिझेलला धुराची मर्यादा ६५ एचएसयू, म्हणजे धुराच्या काळेपणाचं माप, तिथं एकच युक्ती, इंजिन चांगलं तापवून न्यायचं. मामांनी इतकं तापवलं, होटगी रोडनं पार विमानतळापर्यंत जाऊन आले, की मशीनवाला पोरगा म्हणाला, "मामा, धूर सोडा की जरा, रीडिंग यायला पाहिजे."

पासिंगच्या दिवशी सकाळी गाडी धुवायची होती. नळाला पाणी नव्हतं. आमच्याकडं चार-पाच दिवसांआड येतं आणि तो दिवस आडातला होता, उजनी भरलेली असली तरी बोळात ती पोचत नाही. कोरड्या फडक्यानं पुसली आणि निघालो, मध्ये रस्ता खोदलेला, पुढं वाळूचा टिप्पर. मैदानात पोचलो तेव्हा गाडी बिस्किटाच्या रंगाची. निरीक्षक साहेब तरुण होते, शांत, घाम पुसत कागद बघत. "आरसीवर पांढरा लिहिलाय." मामांनी खिशातला रुमाल काढला, थुंकी लावली आणि बोनेटवर एक चौकोन पुसून दाखवला. साहेबांनी त्या चौकोनाकडं बघितलं, मामांकडं बघितलं, बरोबरची खूण केली.

दिवे, वायपर, आरसे, मागचे लाल रिफ्लेक्टर, सगळं पास. टायर नवे. सीट मोजल्या, सात. मी मनात गाणगापूरच्या दत्ताला हात जोडले. मग साहेब म्हणाले, चासी नंबर दाखवा.

आता हे बघा, मामांनी चासीला जेवढं जपलं तेवढं मुलांना जपलं नसेल. घासून, प्रायमर मारून, जिथं खड्डे तिथं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, वर काळ्या रंगाचे हात, इतका गुळगुळीत की त्यात तोंड दिसावं. नंबर पण खड्डाच की. तो भरला गेला होता. साहेब वाकले, मी वाकलो, मागचा रिक्षावाला पण वाकला, आणि आम्हा तिघांना आपापली तोंडं दिसली. मामा अभिमानानं म्हणाले, "साहेब, हात फिरवून बघा, एक खड्डा सापडणार नाही."

"तोच पाहिजे," साहेब म्हणाले.

मग पॉलिश पेपर आणला, रॉकेल मागून आणलं, रिक्षावाल्यानं स्क्रू-ड्रायव्हर दिला. मामा स्वतः घासेनात. मी घासायला लागलो तर त्यांनी तोंड फिरवलं आणि लांब लिंबाखाली जाऊन उभे राहिले. रंग गेला, लांबी गेली, प्रायमर गेला आणि खालून तांबारलेले, अर्धे खाल्लेले आकडे वर यायला लागले, एक सात होता का एक यावर थोडी चर्चा झाली, साहेबांनी कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवली आणि छाप उमटली. सात होता. तेव्हा साहेब दिवसभरात पहिल्यांदा हसले. नवा पत्रा, नवे बुश, नवं हूड, या कशाला ते हसले नव्हते. बाभळीखाली कोंबड्यांनी जेवढं सांभाळलं होतं तेवढंच त्यांना पाहिजे होतं.

ब्रेक टेस्टला साहेब शेजारी बसले. मैदानात एक चक्कर, जोरात ब्रेक, गाडी सरळ उभी. उतरताना त्यांची नजर गिअरच्या दांड्यावर गेली. "हे काय आहे?"

माझ्या डोळ्यासमोर ५,००० आले.

"धोटा," मामा म्हणाले.

"कुठल्या मागाचा?"

"साधा माग. प्लेन."

साहेबांनी धोट्याचं टोक मुठीत धरून बघितलं, न्यूट्रलमध्ये हलवून बघितलं, आणि काहीच लिहिलं नाही. मग स्टेअरिंगमधला ढिलेपणा कसा काय काढला ते विचारलं. हा प्रश्न मामांना विचारू नये. मामा बोनेट उघडून सुरू झाले, किंगपिनपासून, साहेब पण खाली बसून बघायला लागले, मागं रांगेतली लोकं हॉर्न वाजवायला लागली, रिक्षावाला त्याचा स्क्रू-ड्रायव्हर परत मागत होता आणि मी तो मामांच्या हातातून काढून घ्यायला बघत होतो.

पाच वर्षांचं नूतनीकरण मिळालं. चासीवरचा तेवढा भाग मामांनी आता रंगवलेला नाही, नुसतं ग्रीस लावून ठेवलंय. गाणगापूरचा बेत पक्का आहे, गाडी सातांची, माणसं अकरा. मामी म्हणतात त्यांची बहीण येणारच, मामा म्हणतात ड्रायव्हर धरून सात असतात, तो मोजायचा का नाही ते साहेबांना विचारून ये. मी काही जाणार नाही. मावशी रुसून बार्शीला गेल्यात.