एकादशी धरून समुद्रावर जा

मागच्या आठवड्यात आमच्या परभणीच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर एकीनं विचारलं, डिसेंबरात अलिबागकडं पक्षी बघायला जायचंय, रूम कुठं घ्यावी. खाली धडाधड उत्तरं आली, ह्याचं लॉज चांगलं, त्याच्याकडं जेवण चांगलं, इथून बीच पाच मिनिटं, तिथं एसी आहे. सगळं वाचलं मी, पण तू कोणत्या तारखेला चाललीस आणि त्या दिवशी भरती किती वाजता आहे, हे कोणीच विचारलं नाही. तिथं कमेंटमध्ये लिहायला बसले तर ते लांबतच गेलं म्हणून इथं लिहितेय.

आपण मराठवाड्यातले लोक तळ्यावर पक्षी बघायला शिकलेलो. मी शिकले जायकवाडीला, आमच्या येलदरीला. धरणाचं पाणी सकाळी जिथं असतं तिथंच संध्याकाळी असतं, त्यामुळं कवा बी जा, पहाट गाठली की झालं. समुद्राचं तसं नाही. तिथं दिवसाचा टाइम सूर्य ठरवत नाही, पाणी ठरवतं. ओहोटीला पाणी लांब मागं जातं, खालचा चिखल आणि ओली वाळू उघडी पडते, त्यात किडे, शिंपल्या, बारीक खेकडे असतात आणि पक्षी त्यांच्यामागं पार आत पाण्याच्या कडेला जाऊन पांगतात. भरती चढायला लागली की तेच पक्षी पाण्यानं ढकलल्यासारखे तुमच्याकडं सरकत येतात, आणि पाणी पूर्ण भरलं की खायला जागाच उरत नाही, मग सगळे एका कोरड्या पट्ट्यावर गोळा होऊन चोच पाठीत खुपसून झोपतात. म्हणजे बघायचा खरा वेळ कोणता, तर भरती पूर्ण व्हायच्या आधीचे दोन तास. ते चुकले तर बाकी दिवसभर फिरून फार काही हाती लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी आणि मैत्रीण नाताळच्या सुट्टीत गेलो होतो, सुट्टी होती म्हणून गेलो, दुसरं कारण नव्हतं. सकाळी सातला अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर उभ्या राहिलो तर समुद्र इतका लांब की दुर्बिणीतून पण नुसते ठिपके. हे चिखल्या आहेत का तुतारी आहेत तेच कळेना. चिखलात आत जायची सोय नाही, आणि गेलं तर ते उडणार. शेजारी एक दादा जाळं झटकत होते, त्यांना विचारलं तर म्हणाले, "आज पुनव ना ताई, पाणी बाराला भरेल." बाराला पाणी भरलं, पक्षी जवळ आले असतील पण दिसले कुठं, तोपर्यंत किनाऱ्यावर गाड्या, घोडागाड्या, वाळूतल्या त्या चारचाकी बाइक, स्पीकर, पोरं. एक थवा तर माझ्या डोळ्यांदेखत तासाभरात किती वेळा उठला आणि किती वेळा बसायला बघत होता ते मोजायचं मी सोडून दिलं.

त्याच दादांनी तिथीचा हिशोब सांगितला, तोच मला आज तुम्हाला द्यायचाय. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. पंधरावी तिथी म्हणजे पुनव किंवा अमावास्या, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अष्टमीला सहा. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात हे बऱ्यापैकी जुळतं, अर्धा-पाऊण तास मागंपुढं होतं म्हणून फोनवर भरतीचं टाइमटेबल बघून पक्कं करायचं, पण महिनाभर आधी घरात बसून तारीख ठरवायला भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. आता हाच हिशोब उलटा करा. सकाळी साडेसहाला उजाडतं, आपल्याला त्यानंतर तास-दोन तास चढतं पाणी पाहिजे, म्हणजे भरती साडेसात ते नऊच्या दरम्यान पूर्ण व्हायला पाहिजे. कोणत्या तिथ्या निघतात? दशमी साडेसात, एकादशी सव्वाआठ, द्वादशी नऊ. मधली एकादशी! आणि तीच एकादशी संध्याकाळी पण साथ देते, कारण ओहोटी दुपारी अडीचच्या आसपास होऊन पाणी परत चढायला लागतं, म्हणजे चार ते सहा पक्षी पुन्हा जवळ सरकत असतात. एका दिवसात दोन वेळा. आणखी एक, पुनव-अमावास्येला उधाणाची भरती-ओहोटी असते, पाणी फार आत जातं आणि फार वर येतं, अष्टमीला भांगाची असते, लहान. एकादशी दोन्हीच्या मधली, पाणी नजरेच्या टप्प्यात राहतं.

हे मी घरी आईला सांगितलं. माझी आई माळकरी, आयुष्यात एकादशी चुकली नाही तिची. ती म्हणाली, "मंग मलाबी घेऊन चल की." तिनं समुद्र एकदाच बघितलाय, द्वारकेला, यात्रेच्या बसवाल्यानं अर्धा तास दिला होता तेवढा. तर ठरलं, मार्गशीर्ष शुद्ध एकादशी. कार्तिकी तिची पंढरपूरला, त्यात मी हात घालत नाही.

आईला पक्षी कळत नाहीत असं कोणी म्हणू नका. ती लहान असताना ज्वारीच्या वावरात माळ्यावर उभी राहून गोफणीनं भोरड्या हाकायची. ज्वारी दाण्यात आली की भोरड्यांचे थवे यायचे, ढगासारखे वळायचे, आणि घसा बसेपर्यंत हाळ्या द्यायच्या. त्या भोरड्या मध्य आशियातून, काही तर पूर्व युरोपाकडून येतात, तिकडं नाकतोडे-टोळ खाऊन पिल्लं वाढवतात आणि पावसाळ्यातच आपल्याकडं पोचायला लागतात, हे मी तिला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती जरा वेळ गप्पच बसली आणि म्हणाली, "एवढ्या लांबून यायच्या आन् आम्ही दगडं मारायचो." मी म्हणलं, आई, तुमचं पोट होतं त्या ज्वारीवर. पण ती गोष्ट तिच्या मनात राहिलीय.

परवा तिला फोनवर सँडरलिंगचा व्हिडिओ दाखवला. पांढुरका, मुठीएवढा पक्षी, लाट मागं गेली की तिच्यामागं पळतो, ओल्या वाळूतलं बारीकसारीक टिपतो, लाट आली की परत पळत वर. आई म्हणे, "हे काहून एवढे पळायलेत?" तर हे पक्षी उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात अंडी घालतात, तिथला उन्हाळा जेमतेम दोन महिन्यांचा, आणि बाकी वर्ष जगभरच्या वाळूवर असं पळत काढतात. त्यांच्या सोबतीला दिसणारे छोटे सँड प्लोव्हर लडाख-तिबेटच्या पठारावरून उतरलेले असतात. कर्ल्यू असतो, आपण कोरल म्हणतो त्याला, ती लांब वाकडी चोच बिळात पूर्ण घालून खेकडा ओढून काढताना बघा एकदा. काळा-पांढरा, लालभडक चोचीचा ऑयस्टरकॅचर असतो, कुरव (सीगल) आणि सुरय (टर्न) तर थव्यानं.

जायकवाडी असताना समुद्र कशाला, असंही एकानं विचारलं होतं. अहो, जायकवाडी आपलीच आहे, 1986 पासून अभयारण्य आहे, तिथले पट्टकदंब, चक्रवाक, तलवार बदक मी जीव ओवाळून टाकते त्यांच्यावर. पण काळ्या शेपटीचा मालगुजा, म्हणजे गॉडविट, तुम्हाला नाथसागराच्या चिखलात भेटेल आणि पट्टेरी शेपटीचा बघायचा तर खाऱ्या पाण्यावरच जावं लागतं. त्या पट्टेरीवाल्याच्या जातीतल्या एका पिल्लानं 2022 साली अलास्का ते टास्मानिया 13,560 किलोमीटर अंतर 11 दिवसांत कुठंच न उतरता कापलं, पाठीवर सॅटेलाइटचा टॅग होता म्हणून आपल्याला कळलं. जन्मून पाचेक महिने झालेलं पिल्लू. ना खाणं ना पाणी, अंगात साठवलेल्या चरबीवर.

आणि म्हणूनच मला खरा राग कशाचा येतो ते सांगते. ही चरबी पक्षी किनाऱ्यावर साठवतात. खायला मिळतात ओहोटीचे तेवढेच तास, दिवसा आणि रात्री पण, आणि भरतीला विश्रांती. त्या झोपलेल्या थव्याकडं उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून कॅमेरा घेऊन पळत जाणारे लोक मी बघितलेत, साधे पर्यटक नाही, आपल्यातलेच, मोठ्या लेन्सवाले, ज्यांना पक्ष्याचं नाव माहीत असतं. थवा उठला की ह्यांना फोटो मिळतो आणि पक्ष्यांचं दिवसभराचं कमावलेलं जातं. पोरं पळतात ते न कळून, तुम्ही तर जाणूनबुजून करता. मी तर आता स्पष्ट सांगते, आमच्याबरोबर यायचं असेल तर थवा झोपला की आपण पण बसायचं, खाली, वाळूवर, लांब. बसलं की उलट तेच जवळ येतात.

बोटीवरचं पण तेच. गेटवेहून मांडव्याला जाताना कुरव बोटीमागं येतात आणि लोक त्यांना गाठ्या, शेव, चिप्स टाकतात, बोटीवर पाकिटं विकायलाच असतात. हजारो किलोमीटरवरून मासे खात आलेल्या पक्ष्याला मीठ-तेलाचं तळलेलं बेसन कशाला? हात जोडून सांगते, टाकू नका, पोरांना पण देऊ नका टाकायला. ते तसेही येतात बोटीमागं, पंख न हलवता वाऱ्यावर लटकतात, डोळ्यासमोर हातभर अंतरावर, बघा की नुसतं.

आमचा बेत असा आहे. नवमीच्या रात्री देवगिरी एक्सप्रेसनं परभणीहून निघायचं, दशमीला सकाळी सीएसएमटी, तिथून गेटवे, बोटीनं तासाभरात मांडवा, पुढं बस. दुपारी एक-दीडला ओहोटी असते तेव्हा कुलाबा किल्ल्याकडं जायचं, पाणी कितपत उतरतंय ते तिथल्या लोकांना विचारून, कारण भांगाच्या दिवसांत पूर्ण कोरडं होईलच असं नाही आणि आईला मी पाण्यातून चालवणार नाही. संध्याकाळी आक्षी. एकादशीला दोन्ही वेळा आक्षी, किनारा आणि साखर गावाकडची खाडी. आक्षीला मराठीतला फार जुना शिलालेख आहे, शके 934 म्हणजे इ.स. 1012 चा मानतात, त्यालाही हात जोडायचे. द्वादशीला पारणं करून किहीम. सलीम अली तिथं राहून सुगरणीची घरटी बघत बसायचे, नरांची अर्धी घरटी माद्या येऊन कशा तपासतात ते त्यांनी 1930 मध्ये तिथंच टिपलं. संभाजीनगरात दिल्ली गेटजवळच्या सलीम अली सरोवरावरून आपण शंभरदा जातो, तर हा माणूस बसायचा कुठं तेही एकदा बघून यावं.

सामान फार नको. 8 बाय 42 ची दुर्बीण पुरते, टोपी, मळकट रंगाचे कपडे, खाऱ्या वाऱ्यात लेन्स पुसायला सुती फडकं. ज्यांच्या घरी आपण राहणार आहोत त्या ताईंशी फोनवर बोलले, आईच्या उपवासाला भगर कराल का म्हणलं तर त्यांना भगर कळेना, मग कळलं तिकडं वरी म्हणतात, वरीचे तांदूळ. शेंगदाण्याची आमटी आई स्वतः करणार आहे, तिनं तेवढं चुलीवरचं कबूल करून घेतलंय.

मला माहितीय लोकांची अडचण काय आहे, एकादशी शनिवार-रविवार बघून येत नाही. पण आपण लग्नाला, जागरण-गोंधळाला मधल्या वारी रजा टाकतोच ना, मग वर्षातून एकदा ह्याच्यासाठी टाकायला काय हरकत आहे. आणि मधल्या वारी गेलं की किनाऱ्यावर गाड्या नसतात, खोल्या स्वस्त मिळतात. सुट्टी शनिवार-रविवारचीच मिळत असेल तर कालनिर्णय उघडा आणि डिसेंबर ते मार्चमध्ये ज्या शनिवार-रविवारी दशमी-एकादशी-द्वादशी पडते तो पकडा, एखादा तरी सापडतो. फक्त 31 डिसेंबर आणि त्याच्या आजूबाजूचे दिवस सोडा, तिथी कितीही चांगली असली तरी. मार्च-एप्रिलला जमत असेल तर अजून चांगलं, तेव्हा सँड प्लोव्हर परतीच्या तयारीत असतात आणि त्यांच्या छातीवर विटकरी रंग चढलेला असतो.

रेल्वेचं रिझर्वेशन आता 60 दिवस आधीच उघडतं, पहिल्यासारखं 120 दिवस नाही, त्यामुळं तिकिटं मी ज्या दिवशी उघडतील त्याच सकाळी काढणार आहे. आई आणि मी धरून चार जण नक्की झालेत, अजून दोघं चालतील. ज्यांना यायचंय त्यांनी खाली नाव टाका, आणि एकादशी धरणार का नाही तेही लिहा, आईला घरून भगर किती न्यायची ते ठरवायचंय.